रेडिएटरच्या बाजूची बाकं

त्या रात्रीची गोष्ट निघाली की
नाकात अजून क्लोरीन येतं.
वेलबरोच्या जलतरण तलावाला लागून असलेला हॉल,
जमिनीवर बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघा,
रेघांवर टेबलं,
टेबलांवर उपड्या केलेल्या काळ्या पेट्या.
अंगठ्याला रबरी टोपी चढवून आम्ही मोजत होतो,
ग्रंथालयातला हर्बर्ट, शाळेच्या कँटीनमधल्या दोघी बहिणी,
आणि मी,
जिनं एकवीस वर्षं या काउंटी कौन्सिलची इतिवृत्तं लिहिली
आणि एकाही वाक्यात 'मी' येऊ दिला नाही.

एका मतपत्रिकेवर कुणीतरी बदक काढलं होतं,
तिन्ही नावांवरून पोहत जाणारं, फार मन लावून.
बाद.
दुसरीवर फक्त, 'आधी पूल उघडा.'
तीही बाद.

पुलाचं मला ठाऊक होतं.
ठरावातले शब्द माझ्याच अक्षरातले: 'तात्पुरता बंद'.
त्याला नऊ वर्षं झाली.
तेव्हापासून थॉर्नमियरची मुलं
शाळेसाठी अकरा मैलांचा वळसा घालतात.
त्यांची बस चालवायची मॅरियन टॉलडे.
वळसा घालता घालता एक दिवस
तिनं उमेदवारीचा अर्ज मागून घेतला,
माझ्याच खिडकीवर,
पेनही माझंच.

पहाटे चारला पारडं फिरलं.
तीनदा मोजलं, तिन्हीदा नऊ मतांचा फरक.
नऊ माणसं म्हणजे किती?
आमच्या कचेरीच्या लिफ्टमध्ये आठ मावतात.
लिफ्टभर माणसं आणि जिन्यावर राहिलेला एक,
एवढ्यांनी एकतीस वर्षांची सत्ता उतरवली.
कुणी ओरडलं नाही. एक खुर्ची सरकली, तेवढीच.
मिस्टर पार्जिटरनी कोटावरची फीत काढली,
घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली,
मग चष्मा कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना.

सोमवारी ते सामान न्यायला आले
तर फाटकाच्या दांड्यानं त्यांना ओळखलं नाही.
'अपरिचित वाहन', पाटीवर लाल अक्षरं.
मी उठून बटण दाबलं.
नियमात बसत नव्हतं.

सभागृहात जागा बदलल्या.
सत्ताधारी रेडिएटरच्या बाजूला,
विरोधक खिडकीच्या, ही इथली रीत,
कुठेही लिहिलेली नाही, म्हणून कधी मोडलेली नाही.
मे महिना, तरी भिंती गारठलेल्या.
पिवळ्या फितींची माणसं
तीन दशकं डोळ्यांत भरलेल्या बाकांवर
एकदाची ऐसपैस टेकली.
पलीकडे ऑड्री फेन्विकला
खिडकीच्या फटीत कागदाचे बोळे सापडले,
आधीच्यांनी वारा अडवायला कोंबलेल्या विषयपत्रिका,
तिच्याच पक्षानं छापलेल्या.
एक तिनं उलगडला, वाचू लागली.
वारा आत आला.
तिनं तो परत कोंबला.

मॅरियननं रेडिएटरवर तळवा ठेवला.
ठेवलेलाच राहिला.
मग माझ्याकडे पाहिलं, अगदी हळू विचारलं,
"कधीपासून?"

दोन हिवाळे.
पाइपात कुठेतरी पाणी मुरत होतं,
दुरुस्तीला तरतूद नव्हती,
आणि पार्जिटर व त्यांचे बत्तीस जण
दोन हिवाळे त्या थंड लोखंडाला पाठ लावून
ऊब लागत असल्यासारखे बसले होते.
समोरचे, ओव्हरकोटात, त्यांच्यावर जळत होते.

हे इतिवृत्तात नाही.

तिनं उतरवलेला कोट पुन्हा अंगात घातला,
वरपर्यंत बटणं लावली,
बस सुरू करण्याआधी आरसा पाहतात
तसं एकदा मागे वळून पाहिलं.
विषय क्रमांक चार, पूल.
अभियंत्यानं आकडा सांगितला.
खोकला आला कुणाला तरी.

मी लिहीत होते.
सभा साडेदहाला सुरू.
अनुपस्थितीबद्दल दिलगिरी:
कोणाचीही नाही.